‘कझिन’ खोडा, ‘मावसबहीण’ लिहा: युरोपच्या राजस्त्रियांची नाती मांडायची रीत

युरोपच्या राजघराण्यांबद्दल वाचायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर नवखा वाचक हरवतो. जिकडे तिकडे व्हिक्टोरिया, त्यात दोन-तीन अ‍ॅलिस, आणि जो तो ज्याचा त्याचा ‘कझिन’. यातला निम्मा गोंधळ इंग्रजीने घातलेला आहे. मामाचा, आत्याचा, मावशीचा आणि काकाचा मुलगा इंग्रजीत एकाच शब्दात कोंबले जातात. आपल्याकडे त्यासाठी चार वेगळे शब्द आहेत, शिवाय साडू, जाऊ, नणंद, विहीण आहेतच. त्यामुळे ही वंशावळ मराठीत मांडली तर अर्धं काम शब्दच करतात.

खाली दिलेली रीत एका उदाहरणावर चालवून दाखवली आहे. राणी व्हिक्टोरियाची दुसरी मुलगी अ‍ॅलिस, म्हणजे हेसे-डार्मश्टाट या जर्मन संस्थानाची ग्रँड डचेस, आणि तिची लेकरं-नातवंडं. हे घर निवडण्याचं कारण असं की ब्रिटन, जर्मनी, रशिया, ग्रीस आणि स्वीडन या पाचही दरबारांकडे जाणाऱ्या वाटा इथून फुटतात, आणि तरी मूळ तक्ता एका कागदावर मावतो.

पायरी १: घराणं नको, एक बाई घ्या

‘हॅनोव्हर घराणं’ किंवा ‘रोमानोव्ह घराणं’ असं घेऊन बसलात की पुरुषांची नावं एका ओळीत लागतात आणि बायका कडेला ‘पत्नी’ म्हणून लटकतात. बाईपासून सुरुवात केली की माहेर आणि सासर या दोन्ही बाजू आपोआप येतात.

अ‍ॅलिसचा जन्म २५ एप्रिल १८४३ चा. १ जुलै १८६२ रोजी ऑसबर्न हाउसमध्ये हेसेच्या लुडविगशी लग्न, आणि १४ डिसेंबर १८७८ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, घटसर्पाने मृत्यू. तारीख लक्षात ठेवा. तिचे वडील प्रिन्स अल्बर्ट १८६१ साली याच दिवशी गेले होते. तिच्या मुलांच्या मनावर ही तारीख किती कोरली गेली होती ते पत्रांत दिसतं.

पायरी २: कागद आणि क्रमांक

ए-३ कागद आडवा घ्या. त्याची रुंदी ४२ सेंटिमीटर असते. वरच्या ओळीत व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट, दुसऱ्या ओळीत अ‍ॅलिस आणि लुडविग, तिसरीत त्यांची सात मुलं. प्रत्येक चौकट ५ सेंटिमीटरची केली तर सातांना ३५ सेंटिमीटर लागतात, उरलेल्या सातात फटी आणि समास. इथवर नीट बसतं. चौथ्या ओळीत मात्र नातवंडं १५ होतात आणि प्रत्येकी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर जागा उरते. इथेच बहुतेकांचा तक्ता मोडतो. उपाय सोपा आहे. चौथ्या ओळीत नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहायचा आणि माहिती दुसऱ्या कागदावर द्यायची.

क्रमांक जन्माच्या क्रमाने द्या. अ‍ॅलिस हे व्हिक्टोरियाचं तिसरं अपत्य, म्हणून ती ३. तिची मुलं अशी: ३.१ व्हिक्टोरिया (१८६३), ३.२ एलिझाबेथ (१८६४), ३.३ इरेन (१८६६), ३.४ एर्न्स्ट लुडविग (१८६८), ३.५ फ्रीडरिश (१८७०), ३.६ अलिक्स (१८७२), ३.७ मारी (१८७४). लहानपणी गेलेल्यांनाही क्रमांक द्यायचाच. फ्रीडरिश तीन वर्षांचाही नव्हता, मारी चार वर्षांची. त्यांना वगळलं की खालचे सगळे आकडे सरकतात, आणि पुढे फ्रीडरिशच्या मृत्यूचं कारण आपल्याला लागणारच आहे.

क्रमांकाचा खरा फायदा लग्न घरातल्या घरात झालं की कळतो. ३.१ ची मुलगी अ‍ॅलिस (३.१.१) ग्रीसच्या प्रिन्स अँड्र्यूला दिली. तिची तिसरी मुलगी सेसिली (३.१.१.३) हिने १९३१ मध्ये ३.४ च्या मुलाशी, गेओर्ग डोनाटुसशी, लग्न केलं. रेघा ओढून दाखवायला गेलात तर कागदभर जाळं होतं. त्याऐवजी दोघांच्या चौकटींत एकमेकांचा क्रमांक लिहा, रेघ ओढूच नका.

पायरी ३: नावांची यादी आधी, नाती नंतर

प्रत्येक बाईची चार नावं टिपून ठेवा: बाप्तिस्म्याचं, घरातलं लाडाचं, माहेरचं आणि सासरचं. पत्रांत फक्त लाडाचं नाव असतं, सरकारी कागदांत फक्त सासरचं.

व्हिक्टोरिया नावाच्या बायका अशा ओळखायच्या: राणीची थोरली मुलगी व्हिकी. तिची मुलगी मोरेटा. राणीचा मुलगा सातवा एडवर्ड, त्याची मुलगी टोरिया. राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड, त्याची मुलगी व्हिक्टोरिया मेलिटा म्हणजे डकी. राणीची धाकटी मुलगी बिअट्रिस, तिची मुलगी व्हिक्टोरिया युजिनी म्हणजे एना, पुढे स्पेनची राणी. आणि आपली ३.१, जी बॅटनबर्गला दिली. लाडाची नावं पोरकट वाटली तरी टाळू नका. त्यांच्यावाचून पत्रं वाचताच येत नाहीत.

माहेरच्या नावाबाबत एक गंमत आहे. आपल्याकडे लग्नानंतर तांदळात नाव लिहून मुलीचं नाव बदलायची पद्धत होती आणि माहेरचं आडनाव मागे पडायचं. युरोपच्या राण्यांचं उलट होतं. हयातीत त्या सासरच्या पदवीने ओळखल्या जातात, पण इतिहासात बहुतेकदा माहेरच्या नावाने उरतात. ‘डेन्मार्कची अलेक्झांड्रा’ म्हणजे ब्रिटनची राणी. डेन्मार्क तिचं माहेर. नवखे लोक इथे तिला डेन्मार्कची राणी करून टाकतात.

रशियात नाव खरोखरच बदलतं आणि तिथे मोठा सापळा आहे. आपली अलिक्स (३.६) रशियाच्या दुसऱ्या निकोलसशी लग्न ठरल्यावर ऑर्थोडॉक्स पंथात जाऊन अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हना झाली. तिची सासू, माहेरची डॅगमार, ती मारिया फ्योदोरोव्हना. रशियन नावातला मधला भाग वडिलांच्या नावावरून येतो हे वाचलेलं असतं, त्यामुळे या दोघी फ्योदोरच्या मुली, म्हणजे बहिणी, असं नवखा वाचक धरून चालतो. प्रत्यक्षात एकीचे वडील लुडविग, दुसरीचे क्रिस्टियान. परदेशातून आलेल्या सुनांना हे ठरीव नाव दिलं जात असे. ‘फ्योदोरोव्हना’ दिसलं की वडील शोधू नका, माहेर शोधा.

‘हेसे’ही एक नव्हे. हेसे-डार्मश्टाट आणि हेसे-कासेल या दोन शाखा होत्या. अ‍ॅलिस पहिल्या शाखेत पडली, तिची भाची मार्गारेट दुसऱ्या शाखेत.

पायरी ४: तारखा दोन रकान्यांत

रशियात जुनं ज्युलियन पंचांग चालायचं. १९ व्या शतकात ते पश्चिमेपेक्षा १२ दिवस मागे होतं, २० व्या शतकात १३ दिवस. अलिक्सचं लग्न जुन्या पंचांगाने १४ नोव्हेंबर १८९४, नव्याने २६ नोव्हेंबर. मुलगा अलेक्सेईचा जन्म जुन्याने ३० जुलै १९०४, नव्याने १२ ऑगस्ट. पहिल्यात १२ मिळवायचे, दुसऱ्यात १३.

फेब्रुवारी १९१८ मध्ये रशियाने नवं पंचांग घेतलं. येकातेरिनबर्गमध्ये झारच्या कुटुंबाची हत्या झाली ती १७ जुलै १९१८ ही तारीख नवीच आहे. तिच्यात पुन्हा १३ मिळवायचे नाहीत. सवयीने मिळवणारे बरेच भेटतात. ग्रीसने तर १९२३ पर्यंत जुनं पंचांग ठेवलं होतं, म्हणून कॉर्फूत जन्मलेल्या प्रिन्स फिलिपची (३.१.१ चा मुलगा, पुढे दुसऱ्या एलिझाबेथचा नवरा) जन्मतारीख कुठे २८ मे १९२१ दिसते आणि कुठे १० जून. दोन्ही बरोबर.

पायरी ५: नात्याचा शब्द लिहा

आता मुख्य काम. जिथे ‘कझिन’ आलं असेल तिथे थांबा आणि दोघांच्या आईवडिलांपैकी कोण कोणाचं भावंड होतं ते शोधा. भाऊ-भाऊ असतील तर चुलत, बहिणी-बहिणी असतील तर मावस, भाऊ-बहीण असतील तर एका बाजूने मामे आणि दुसऱ्या बाजूने आते.

सुरुवात राणीपासून. व्हिक्टोरियाची आई आणि अल्बर्टचे वडील ही सख्खी भावंडं, साक्स-कोबुर्गची. म्हणून अल्बर्ट तिचा मामेभाऊ आणि ती त्याची आतेबहीण. मराठी घरांत मामाची मुलगी करायची रीत अनेक समाजांत आहे, इथे अल्बर्टने आत्याची मुलगी केली.

मग पहिल्या महायुद्धाचे ते प्रसिद्ध ‘तीन कझिन’ घ्या: ब्रिटनचा पाचवा जॉर्ज, रशियाचा दुसरा निकोलस, जर्मनीचा दुसरा विल्हेल्म. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डॅगमार या डेन्मार्कच्या नवव्या क्रिस्टियानच्या मुली, म्हणजे ते दोघे सख्खे मावसभाऊ. चेहऱ्यांतलं साम्य तिथून आलं. विल्हेल्मची आई व्हिकी ही जॉर्जच्या वडिलांची बहीण, म्हणून विल्हेल्म जॉर्जचा आतेभाऊ. पण विल्हेल्म आणि निकोलस यांच्यात असं जवळचं नातंच नाही. रक्ताचं जवळात जवळचं नातं शोधायला प्रशियाच्या तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मपर्यंत, विल्हेल्मकडून तीन आणि निकोलसकडून चार पिढ्या, वर जावं लागतं. त्यांना बांधणारा दुवा आहे आपली अलिक्स. ती विल्हेल्मची मावसबहीण, म्हणून निकोलस हा त्याच्या मावसबहिणीचा नवरा. इंग्रजी शब्दाने झाकलेलं हे नातं मराठी शब्द लिहिताना लगेच उघडं पडतं.

अ‍ॅलिसच्या मुलामुलींनी केलेली लग्नं हा या पायरीचा सगळ्यात रसाळ भाग. एकेक नातं कागदावर मांडून पाहा.

इरेनने (३.३) १८८८ मध्ये प्रशियाच्या हाइनरिशशी लग्न केलं. तो व्हिकीचा मुलगा, म्हणजे इरेनचा सख्खा मावसभाऊ.

एर्न्स्ट लुडविगने (३.४) १८९४ मध्ये कोबुर्गला डकीशी लग्न केलं. ती त्याची मामेबहीण. याच लग्नाच्या गर्दीत अलिक्स आणि निकोलसचं ठरलं. एर्न्स्ट आणि डकीचा १९०१ मध्ये घटस्फोट झाला, आणि १९०५ मध्ये तिने रशियाच्या किरिलशी लग्न केलं. डकीची आई मारिया ही किरिलच्या वडिलांची बहीण, म्हणजे किरिल डकीचा मामेभाऊ. पहिल्या लग्नात ती नवऱ्याची मामेबहीण होती, दुसऱ्यात आतेबहीण झाली. इंग्रजीत दोन्ही वेळा ‘कझिन’च.

एलिझाबेथ (३.२), घरात एला, हिने १८८४ मध्ये रशियाच्या सेर्गेईशी लग्न केलं. सेर्गेई हा निकोलसचा सख्खा काका. दहा वर्षांनी धाकटी अलिक्स त्याच घरात पुतण्याला दिली. म्हणजे एला ही अलिक्सची सख्खी बहीण आणि चुलतसासूही. दरबारात मान मात्र उलटा होता. धाकटी झारीना, तिच्यापुढे थोरलीने वाकायचं.

थोरल्या व्हिक्टोरियाने (३.१) १८८४ मध्ये लुई बॅटनबर्गशी लग्न केलं. तो तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, म्हणजे नात्याने काका. पुढच्याच वर्षी लुईच्या धाकट्या भावाशी, हाइनरिश बॅटनबर्गशी, राणीची शेंडेफळ बिअट्रिस हिचं लग्न झालं. बिअट्रिस ही व्हिक्टोरियाची मावशी. मावशी-भाची एकमेकींच्या जावा झाल्या!

साडूंचा रकाना तर जरूर करा. लुई बॅटनबर्ग, प्रशियाचा हाइनरिश आणि निकोलस हे एकमेकांचे साडू. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिला ब्रिटिश नौदलाचा फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलप्रमुख, होता, दुसरा जर्मनीच्या बाल्टिक आरमाराचा प्रमुख, तिसरा रशियाचा झार. ऑक्टोबरअखेर लुईला जर्मन जन्मापायी राजीनामा द्यावा लागला. १९१७ मध्ये बॅटनबर्गचं माउंटबॅटन झालं. त्याचा धाकटा मुलगा (३.१.४) म्हणजे भारताचा शेवटचा व्हाइसरॉय, व्हिक्टोरियाचा पणतू.

पायरी ६: लग्नाचा करार तपासा

नातं लिहून झालं की तीन गोष्टी टिपा: दर्जा, पंथ, पैसा.

दर्जा म्हणजे लग्न बरोबरीचं मानलं गेलं का. नसेल तर ते मॉर्गनॅटिक. बायकोला नवऱ्याची पदवी नाही, मुलांना गादी नाही. लुई बॅटनबर्गच्या वडिलांनी, हेसेच्या अलेक्झांडरने, १८५१ मध्ये युलिया हाउके हिच्याशी असंच लग्न केलं, म्हणून मुलांना हेसेऐवजी बॅटनबर्ग हे नवं नाव मिळालं. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडने सोफी खोटेकसाठी २८ जून १९०० रोजी मुलांचा गादीवरचा हक्क सोडल्याची शपथ घेतली. बरोबर १४ वर्षांनी, त्याच तारखेला, साराजेव्होत दोघांना गोळ्या लागल्या. तक्त्यात पिढी बदलली नसताना घराण्याचं नाव अचानक बदललं की पहिला संशय मॉर्गनॅटिक लग्नाचाच घ्यावा.

पंथाचं उत्तर नवरा गादीचा वारस आहे का यावर अवलंबून असे. अलिक्सला ऑर्थोडॉक्स होणं भागच होतं. एलाला सक्ती नव्हती, ती १८९१ मध्ये स्वतःहून झाली. एना स्पेनला जाण्याआधी कॅथलिक झाली.

पैसा मात्र लोक विसरतात. ब्रिटिश संसदेने व्हिकीसाठी ४०,००० पौंड हुंडा आणि वर्षाला ८,००० पौंड मंजूर केले, अ‍ॅलिसला ३०,००० आणि ६,०००. थोरलीच्या आणि धाकटीच्या सासरांमधलं अंतर या आकड्यांत दिसतं. हुंड्यात जमीनही येत असे, हे मुंबईकरांना सांगायला नको. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या कातरिना द ब्रागान्साबरोबर मुंबई आणि टँजियर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालं. लग्न १६६२ मध्ये झालं, पण मुंबईचा ताबा १६६५ मध्ये. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयची इच्छा नव्हती आणि नेमकी कोणती बेटं द्यायची यावर घोळ होता. म्हणून कराराची तारीख, लग्नाची तारीख आणि अंमलाची तारीख वेगवेगळ्या लिहा.

पायरी ७: आजाराची रेघ

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार. त्यासाठी वेगळ्या रंगाची शाई घ्या. नियम तीन. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. तिची प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आणि आजारी बापाकडून मुलाला तो येत नाही, पण प्रत्येक मुलगी वाहक होतेच.

तक्त्यावर लावून पाहा. राणीचा मुलगा लिओपोल्ड आजारी होता, म्हणून त्याची मुलगी नक्की वाहक. सातवा एडवर्ड निरोगी, म्हणून आजची ब्रिटिश गादी त्याच्याकडून मोकळी. अ‍ॅलिस वाहक होती हे फ्रीडरिशवरून (३.५) कळतं. तो १८७३ मध्ये खिडकीतून पडला आणि आतल्या रक्तस्रावाने गेला. इरेनच्या तीन मुलांपैकी दोघांना हा आजार होता, अलिक्सच्या एकुलत्या एका मुलाला होता. व्हिक्टोरियाच्या (३.१) शाखेत तो दिसत नाही. एलाला मूल झालं नाही, त्यामुळे तिच्या चौकटीत प्रश्नचिन्हच राहू द्या. ‘नाही’ लिहू नका.

पायरी ८: आईची रेघ

पूर्वज मोजायची एक जुनी जर्मन पद्धत आहे. स्वतः १, वडील २, आई ३. पुढे कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. मग आईची आई ७, तिची आई १५, तिची ३१. फिलिपपासून मोजा: १ फिलिप, ३ बॅटनबर्गची अ‍ॅलिस, ७ हेसेची व्हिक्टोरिया, १५ आपली अ‍ॅलिस, ३१ राणी व्हिक्टोरिया. एकही पुरुष मध्ये नाही.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. पेशीतला मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. येकातेरिनबर्गजवळ १९९१ मध्ये सापळे उकरून काढले तेव्हा अलिक्स आणि तिच्या मुलींची ओळख पटवायला फिलिपच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. फिलिपच्या आईची आई ही अलिक्सची सख्खी बहीण, म्हणून तो जुळला. निकोलससाठी तो चालला नसता. त्याची आईची रेघ डेन्मार्कच्या राणीकडे जाते.

पडताळणी

डायरी आणि पत्रं वापरताना एक ध्यानात ठेवा. राणीच्या मृत्यूनंतर बिअट्रिसने आईच्या डायऱ्या १११ वह्यांत उतरवून काढल्या, नको वाटलं ते गाळलं आणि मूळ वह्या नष्ट केल्या. त्यामुळे ‘डायरीत नाही, म्हणजे घडलंच नाही’ हा निष्कर्ष इथे चालत नाही. तारखा आणि पदव्यांसाठी गोथाचं वार्षिक पंचांग (‘आल्मानाख द गोथा’, म्हणजे राजघराण्यांची छापील सूची), जे १७६३ ते १९४४ पर्यंत निघत होतं, बरंच भरवशाचं. मात्र ज्या वर्षीची घटना असेल त्याच्या पुढच्या वर्षीचा अंक पाहायचा, कारण त्या वर्षीचा आधीच छापून झालेला असतो.

तक्ता जमला का हे तपासायला दुसरी एलिझाबेथ आणि फिलिप यांचं नातं काढून बघा, दोन वेगळ्या कागदांवर. व्हिक्टोरियाकडून मोजलं तर दोघंही चौथ्या पिढीत, म्हणजे लांबचे भाऊ-बहीण. नवव्या क्रिस्टियानकडून मोजलं तर फिलिप तिसऱ्या पिढीत आणि एलिझाबेथ चौथ्या, म्हणजे तो तिच्या काकाच्या पिढीतला. दोन्ही उत्तरं आली तर तक्ता बरोबर आहे. एकच आलं तर डॅगमारच्या माहेरची ओळ राहून गेली असणार.